युद्धानंतरच्या अवशेषांची छायाचित्रे, १८४७ ते १८७१ : सूचीकामाच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२४

रणभूमी, तटबंदी आणि युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारती यांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांची सटीप मराठी सूची करण्याच्या कामाला आज आरंभ केला. काळाची सुरुवात १८४७ ही धरली आहे, कारण अमेरिका आणि मेक्सिको यांच्या युद्धात साल्तियो शहरात घेतलेले डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उतरवलेली चित्रे, ही युद्धाशी थेट संबंध असलेली सर्वांत जुनी ज्ञात छायाचित्रे मानली जातात. शेवट १८७१ धरला आहे. त्या वर्षी पॅरिसच्या अवशेषांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर विकली गेली आणि त्याच वर्षी रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची पद्धत जाहीर केली. तिच्यात पुढे सुधारणा होत गेल्यावर छायाचित्रकाराच्या कामाची गतीच बदलून गेली, त्यामुळे तिथे थांबणे रास्त आहे.

तक्त्यात नेहमीचे रकाने आहेतच : स्थळ, छायाचित्रकार, पद्धत, आकार, सध्याचा संग्रह. त्यांत दोन रकाने मी आग्रहाने वाढवले. पहिला ‘अंतर’, म्हणजे लढाई संपल्यापासून छायाचित्र घेईपर्यंत गेलेला काळ. दुसरा ‘हात’, म्हणजे त्या मधल्या काळात त्या जागेवर कोणी काय उचलले, पुरले, पाडले, रचले किंवा दुरुस्त केले. ढिगाऱ्याच्या छायाचित्राला आपण सहजपणे लढाईचे छायाचित्र म्हणतो. वास्तविक त्यात दिसतो तो लढाईनंतरचा काळ, आणि तो काळ किती लांबला व कोणाच्या ताब्यात होता हे कळल्याखेरीज चित्रातला एकही दगड साक्षीला उभा करता येत नाही, असे माझे मत आहे.

५ सप्टेंबर २०२४

पहिला संच रोमचा घेतला. १८४९ मध्ये फ्रेंच सैन्याने रोमन प्रजासत्ताकाला वेढा घातला आणि जुलैच्या आरंभी शहर पडले. त्याच महिन्यात स्तेफानो लेक्की याने जानिकुलम टेकडीवरच्या पडक्या वास्तू कॅलोटाइप पद्धतीने टिपल्या. व्हिला कोर्सिनी आणि व्हाशेल्लो ही नावे त्या वेढ्याच्या प्रत्येक वृत्तांतात येतात. कागदी निगेटिव्हवरून काढलेल्या त्याच्या प्रतींमध्ये कागदाचे तंतू सूक्ष्म तपशील गिळून टाकतात, तरी कोसळलेल्या भिंतींचे आकार आणि तोफांनी पाडलेली खिंडारे स्पष्ट ओळखू येतात. अंतर : काही आठवडे. एकाच वेढ्याचे अवशेष ठरवून, क्रमाने टिपण्याचा इतका जुना प्रयत्न क्वचितच सापडतो, म्हणून सूचीत त्याला मानाचे स्थान दिले आहे.

६ सप्टेंबर २०२४

जॉन मॅककॉश यांची नोंद पूर्ण केली. बंगाल सैन्यातला हा शल्यचिकित्सक दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धाच्या काळात पंजाबमध्ये आणि १८५२–५३ मध्ये ब्रह्मदेशात होता. पंजाबात त्याने मुख्यतः व्यक्तिचित्रे काढली. ब्रह्मदेशात मात्र रंगून आणि प्रोम इथल्या वास्तू आणि काबीज केलेल्या तोफा त्याच्या कॅमेऱ्यासमोर आल्या. त्याच्या छायाचित्रांचा संग्रह लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

९ सप्टेंबर २०२४

‘अंतर’ हा रकाना समजण्यासाठी पद्धतींविषयी एक स्वतंत्र टीप असावी, असे ठरवून आजचा दिवस तिला दिला. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत स्वच्छ काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशग्राही करायची आणि थर ओला आहे तोवरच, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, छायाचित्र घेऊन ती काच अंधाऱ्या जागेत विकसित करायची. उन्हाळ्यात हा अवधी आणखी कमी होई. याचा अर्थ असा की छायाचित्रकाराला आपली अंधारी खोली रणभूमीपर्यंत वाहून न्यावी लागे, आणि ती खोली तोफांच्या माऱ्याच्या टप्प्यात फार वेळ उभी करता येत नसे. एक्स्पोजर काही सेकंदांचे असल्यामुळे धावणारा सैनिक केवळ पुसट डाग म्हणून उमटे. मेलेला माणूस, पडलेली भिंत आणि बंद पडलेली तोफ हेच त्या काचेला सोसणारे विषय होते.

अल्ब्युमिनच्या काचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या काचा, आगाऊ तयार करून कोरड्या स्थितीत नेता येत. त्या अधिक संथ होत्या, परंतु वास्तूंच्या चित्रणाला ती उणीव बाधत नसे. लखनौ आणि चीनमधल्या युद्धस्थळांची चित्रे घेणाऱ्या फेलिचे बिआतो याने पुढे १८८६ मध्ये लंडनच्या छायाचित्रकारांसमोर आपल्या या पद्धतीची माहिती दिली होती. दोन्ही प्रकारच्या काचा निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने आकाश कोरे पांढरे उतरते. त्यामुळे जिथे ढग दिसतात तिथे सूचीकाराने थबकलेच पाहिजे. जॉर्ज बार्नार्डच्या १८६६ मधील अमेरिकी संग्रहात अनेक ठिकाणी दुसऱ्या निगेटिव्हवरचे ढग छापलेले आहेत. हा ‘हात’ काळोख्या खोलीतला असला, तरी तोही रकान्यात नोंदवायचा असे ठरवले.

१३ सप्टेंबर २०२४

क्रिमिया, म्हणजे रशियाविरुद्ध इंग्रज आणि फ्रेंचांनी लढलेले युद्ध. इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन ८ मार्च १८५५ रोजी बालाक्लावाला पोहोचला. मँचेस्टरच्या थॉमस ॲग्न्यू अँड सन्स या प्रकाशकांनी त्याला पाठवले होते, आणि दारूच्या व्यापाऱ्याची गाडी बदलून केलेली त्याची फिरती अंधारी खोली आता छायाचित्रणाच्या इतिहासाचा भागच झाली आहे. जूनमध्ये आजारी पडून तो परतला, तोवर त्याने साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे जमवली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये त्यांतील २६३ प्रती आहेत.

त्याच्या एप्रिल १८५५ मधील प्रसिद्ध घळईच्या दोन काचांवर आज बराच वेळ गेला. सैनिकांनीच त्या घळईला मृत्यूच्या छायेची दरी असे नाव दिले होते, आणि घोडदळाचा सुप्रसिद्ध हल्ला झाला ती दरी ही नव्हे, हे टिपेत ठळकपणे लिहिले. दोन्ही काचा एकाच जागी तिपाई ठेवून घेतलेल्या आहेत. एकीत तोफगोळे रस्त्याकडेच्या खळग्यात आहेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसरीत ते रस्त्यावरही विखुरलेले आहेत. आधी कोणती, याविषयी दीर्घकाळ वाद झाला. चित्रपटकार एरल मॉरिस यांनी केलेल्या तपासात निर्णय लागला तो तोफगोळ्यांवरून लागला नाही. उतारावरचे काही लहान दगड दोन चित्रांत वेगवेगळ्या जागी आहेत, आणि गोळे रस्त्यावर असलेल्या चित्रात ते दगड खाली सरकलेले दिसतात. माणसांच्या पायांनी दगड निसटतात ते उताराच्या दिशेनेच, वर जात नाहीत. म्हणून मोकळ्या रस्त्याची काच आधीची ठरते.

ही तपासाची रीत मला फार मोलाची वाटते. ज्या वस्तूकडे छायाचित्रकाराने आपले लक्ष वेधले, ती वस्तू सोडून ज्याकडे त्याचे स्वतःचेही लक्ष नव्हते अशा वस्तूला प्रश्न विचारायचा. गोळे रस्त्यावर कोणी आणले हे त्या दगडांवरून ठरत नाही, म्हणून ‘हात’ या रकान्यात केवळ ‘दोन काचांच्या मध्ये गोळे हलवलेले’ एवढेच लिहिले आहे.

१६ सप्टेंबर २०२४

फेंटन गेल्यानंतरचे सेव्हास्तोपोल. ८ सप्टेंबर १८५५ रोजी फ्रेंचांनी मालाकोफचा बुरूज घेतला आणि त्या रात्री रशियनांनी शहराचा दक्षिण भाग सोडला. कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत मुख्य ठसेकार असलेल्या जेम्स रॉबर्टसनने यानंतर रेडान आणि मालाकोफ या तटबंद ठाण्यांचे अंतरंग टिपले. फांद्या विणून केलेल्या, मातीने भरलेल्या टोपल्यांचे कठडे, तोफांच्या झरोक्यांवर गोळ्यांपासून आडोसा म्हणून टांगलेले जाड दोरखंडांचे पडदे, उलटलेले तोफगाडे हे सर्व त्यात इतके स्पष्ट आहे की मातीच्या तटबंदीचा अभ्यास करणाऱ्याला ही छायाचित्रे एखाद्या नकाशाइतकी उपयोगी पडावीत. दगडी तटापेक्षा मातीचा मोर्चा गोळे जिरवतो आणि रात्रीतून पुन्हा उभा करता येतो, हे या वेढ्याने दाखवले आणि रॉबर्टसनच्या काचांत त्याचा पुरावा आहे.

फ्रेंच बाजूने कर्नल जाँ-शार्ल लांग्ल्वा या चित्रकाराने लेऑन-यूजेन मेहेदँ याच्या साहाय्याने मालाकोफवरून चौफेर छायाचित्रे घेतली. पॅरिसमधल्या भव्य वर्तुळाकार चित्रासाठी ती आधार म्हणून हवी होती आणि ते चित्र १८६० मध्ये लोकांसाठी खुले झाले. अंतर : काही महिने.

गोदीच्या छायाचित्रांबाबत मात्र सावधगिरी हवी. सेव्हास्तोपोलच्या गोद्या वेढ्यात पडलेल्या नाहीत. इंग्रज आणि फ्रेंच अभियंत्यांनी शहर ताब्यात आल्यावर १८५५–५६ च्या हिवाळ्यात सुरुंग लावून त्या उडवल्या. त्यामुळे शरद ऋतूतली गोदी आणि हिवाळ्यानंतरची गोदी या दोन वेगळ्या वास्तू समजून दोन वेगळ्या नोंदी केल्या.

२३ सप्टेंबर २०२४

लखनौ. या नोंदीसाठी मनाची तयारी करावी लागली.

बिआतो फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्त्याला उतरला. कॉलिन कॅम्पबेलच्या सैन्याने मार्चमध्ये लखनौ पूर्णपणे ताब्यात घेतल्यानंतर तो तिथे पोहोचला. त्याचे सर्वाधिक ओळखले जाणारे छायाचित्र सिकंदर बागेच्या आतले आहे : समोर स्तंभांची पडकी इमारत, पुढच्या मोकळ्या अंगणात विखुरलेल्या कवट्या आणि हाडे, आणि त्यांच्यामागे काही जिवंत माणसे व एक घोडा. वाजिद अली शाहने बांधलेल्या या बागेच्या तटाला १६ नोव्हेंबर १८५७ रोजी खिंडार पाडून इंग्रज सैन्य आत शिरले आणि सुमारे २,००० शिपाई तिथे मारले गेले. छायाचित्राच्या इंग्रजी मथळ्यात ९३वी हायलँडर्स आणि ४थी पंजाब पलटण यांचा उल्लेख आहे, आणि तो विजयाच्या भाषेत केलेला आहे.

अंतर : चार ते पाच महिने. एवढ्या काळात अंगणात हाडे अशी उघडी, पसरलेली राहतील का, हा प्रश्न पूर्वीपासून विचारला गेला आहे. त्या वेळी लखनौत असलेले मुलकी अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की प्रेते नीट झाकलेली होती आणि त्यांची कायमची विल्हेवाट लावण्याआधी छायाचित्रकाराने ती उघडी करायला लावली. हे विधान मी ‘हात’ या रकान्यात संपूर्ण आशयासह उतरवले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडतो. हाडे मांडलेली होती म्हणून हे छायाचित्र खोटे ठरवून बाजूला ठेवण्याची एक सोयीस्कर प्रवृत्ती आहे, आणि मला ती मान्य नाही. ती हाडे खरी होती, ती माणसे खरोखर त्याच आवारात मारली गेली, आणि त्यांना पुन्हा उघडे पाडण्याचा निर्णयही तितकाच खरा होता. मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या बाबतीत असा निर्णय त्या काळी कोणी घेतला नसता. छायाचित्र १८५७ च्या नोव्हेंबरची साक्ष अर्धवट देते, पण १८५८ च्या वसंतात जेत्यांना काय पाहायला आणि विकत घ्यायला हवे होते याची साक्ष ते पूर्ण देते. सूचीत दोन्ही तारखा एकाच आकाराच्या अक्षरांत छापल्या जाव्यात.

२५ सप्टेंबर २०२४

लखनौच्या इतर चित्रांची छाननी. रेसिडेन्सीचा बेली गार्ड दरवाजा आणि त्यावरचे गोळ्यांचे घाव, छत्तर मंजिल, कैसरबाग, दिलकुशा, आणि मोठ्या इमामबाड्याच्या परिसरातून घेतलेले, अनेक काचा जोडून केलेले शहराचे विस्तृत दृश्य. रेसिडेन्सीचे घाव वेढ्याचे आहेत याबद्दल शंका नाही, आणि ते पुढे मुद्दाम तसेच राखले गेले. मच्छी भवनाचे प्रकरण वेगळे : १८५७ च्या जुलैच्या आरंभी इंग्रजांनीच तिथला दारूसाठा पेटवून ते उडवले होते.

आणखी महत्त्वाचे असे की मार्च १८५८ मध्येच बंगाल इंजिनिअर्सच्या रॉबर्ट नेपियरने शहर लष्करी दृष्टीने ताब्यात ठेवण्याची योजना मांडली. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढायचे आणि किल्ल्याभोवतीची जागा मोकळी करायची, हा तिचा गाभा. पाडकाम लवकरच सुरू झाले. म्हणजे बिआतोच्या काचांवर आणि विशेषतः त्याच्यानंतर आलेल्यांच्या काचांवर जे मोकळे पट्टे आणि अर्धवट भिंती दिसतात, त्यांतल्या काही तोफांनी पाडल्या आणि काही कुदळींनी. छायाचित्र दोन्हींना सारखाच पांढुरका रंग देते. भिंतीचा तुटका कडा ओबडधोबड आहे की सरळ रेषेत कापलेला, विटा जागीच पडल्या आहेत की वाहून नेल्या आहेत, या खुणा जिथे वाचता येतात तिथे त्या टिपल्या.

दिल्लीची नोंद त्याच पद्धतीने केली. काश्मिरी दरवाजा १४ सप्टेंबर १८५७ रोजी सुरुंगाने उडवला गेला. १८५८ मध्ये बिआतो, आग्र्याचे डॉ. जॉन मरे आणि रॉबर्ट व हॅरिएट टायटलर हे दांपत्य, या सर्वांकडून या युद्धस्थळांचे चित्रण झाले. टायटलर दांपत्य कागदी निगेटिव्हवर काम करत होते. हॅरिएट वेढ्याच्या काळात टेकडीवरच्या छावणीत होती आणि तिथेच तिने मुलाला जन्म दिला. जिथे ती छावणीत राहिली तीच भूमी पुढच्या वर्षी तिने कॅमेऱ्यातून पाहिली. लाल किल्ल्याच्या आतल्या इमारतींचे मोठे पाडकाम या चित्रणानंतर झाले, म्हणून ही छायाचित्रे पाडकामापूर्वीच्या स्थितीचा पुरावा म्हणून अधिक मोलाची आहेत.

३० सप्टेंबर २०२४

बिआतो पुढे १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच सैन्याबरोबर चीनला गेला. २१ ऑगस्टला ताकूचा उत्तरेकडचा किल्ला पडला आणि या खेपेस अंतर महिन्यांवरून तासांवर आले. डेव्हिड रेनी या लष्करी शल्यचिकित्सकाने लिहिले आहे की तटाच्या कोपऱ्यात एका तोफेभोवती तेरा प्रेते पडलेली होती, आणि आपले चित्र घेऊन होईपर्यंत त्यांना हात लावू नये, अशी बिआतो उत्तेजित होऊन विनवणी करत होता. लखनौत उघडायला लावणारा हाच माणूस ताकूत हलवू नका म्हणतो. डेव्हिड हॅरिस यांच्या अभ्यासाने असेही दाखवले आहे की प्रेतांची चित्रे आधी घेतली गेली, परंतु संच विकताना क्रम असा लावला की पाहणारा बाहेरून आत, चढाईपासून विजयाकडे जातो. म्हणून अल्बममधल्या क्रमांकाला सूचीत कालक्रमाचे स्थान दिलेले नाही.

त्याच मोहिमेत पेकिंगजवळच्या उन्हाळी राजवाड्याच्या परिसरातील काही वास्तूंची चित्रे बिआतोने ऑक्टोबरमध्ये घेतली. १८ ऑक्टोबरला लॉर्ड एल्गिनच्या आज्ञेने आग लावली गेली. इथे अंतर उणे आहे : छायाचित्र आधी, विध्वंस नंतर. तक्त्यात उणे चिन्हाची सोय केली.

४ ऑक्टोबर २०२४

अमेरिकी यादवी युद्धाची सामग्री प्रचंड आहे आणि तिला पूर्ण न्याय देणे या सूचीच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून अंतर आणि हात यांवर प्रकाश टाकणारी मोजकीच उदाहरणे निवडली.

ॲन्टिएटमची लढाई १७ सप्टेंबर १८६२ रोजी झाली. अलेक्झांडर गार्डनर आणि जेम्स गिब्सन १९ तारखेला तिथे काम करत होते. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रॅडीच्या दालनात ती चित्रे मांडली गेली. त्यांत बहुतेक प्रेते दक्षिणेच्या सैनिकांची आहेत, कारण रणभूमी उत्तरेच्या हाती राहिली आणि त्यांनी आपल्या लोकांना आधी पुरले. दोनच दिवसांच्या अंतराने मृतांची निवड कशी बदलते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही. गेटिसबर्गला, जुलै १८६३ मध्ये, गार्डनरच्या मंडळींनी एकाच तरुण सैनिकाचे प्रेत दोन ठिकाणी टिपले; विल्यम फ्रासानिटो यांनी १९७५ मध्ये खडकांची ठेवण प्रत्यक्ष जागेशी पडताळून दाखवले की ते सुमारे ४० यार्ड उचलून दगडी आडोशात नेले होते. याउलट लष्करातला छायाचित्रकार अँड्र्यू रसेल याने ३ मे १८६३ रोजी फ्रेडरिक्सबर्गच्या दगडी भिंतीमागची मृत माणसे ती भिंत सर झाली त्याच दिवशी टिपली.

८ ऑक्टोबर २०२४

किल्ल्यांपैकी फोर्ट सम्टर. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या तोफांपुढे तो शरण आला तेव्हा चार्ल्सटनच्या स्थानिक छायाचित्रकारांनी काही दिवसांतच आत जाऊन चित्रे घेतली. त्यांत किल्ल्याचा मूळ आकार अजून शाबूत आहे. १८६३ च्या ऑगस्टपासून उत्तरेच्या तोफांनी त्याच्या विटांच्या भिंती अक्षरशः चूर केल्या, आणि ८ सप्टेंबर १८६३ रोजी जॉर्ज कुकने मारा चालू असताना तिथून चित्रे घेतली. फोर्ट सम्टरच्या १८६५ च्या चित्रांत तट असा उरलेलाच नाही. पडलेल्या विटांच्या राशी आणि मातीच्या टोपल्या यांनीच नवा बांध केला आहे, आणि तो बांध मूळ भिंतीपेक्षा माऱ्यापुढे अधिक टिकत होता. एका वास्तूच्या तीन अवस्था अशा सलग मिळणे दुर्मीळ आहे. तिघांना एकाच पानावर ठेवायचे ठरवले.

चार्ल्सटन शहराच्या अवशेषांनी मात्र तक्त्यात आणखी एक रकाना वाढवायला भाग पाडले. तिथले पडके सर्क्युलर चर्च युद्धाच्या अवशेषांत हटकून दाखवले जाते, पण ते डिसेंबर १८६१ च्या मोठ्या आगीत जळाले. ती आग तोफांनी लावलेली नव्हती. नवा रकाना : ‘कारण’.

१४ ऑक्टोबर २०२४

पॅरिस, १८७०–७१. आल्फाँस लिएबेर याचा शंभर छायाचित्रांचा संग्रह पाहताना ‘कारण’ हा रकाना किती आवश्यक होता ते पटले. व्हाँदोम स्तंभ कम्यूनने, म्हणजे १८७१ मध्ये पॅरिसमध्ये सत्ता हाती घेतलेल्या बंडखोर नगरशासनाने, १६ मे १८७१ रोजी समारंभपूर्वक पाडला. ब्रुनो ब्राकेएच्या चित्रांत त्याभोवती उभे राहिलेले लोक आहेत. तुइलरी राजवाडा आणि नगरभवन मेच्या अखेरच्या आठवड्यात कम्यूनच्या बाजूने लावलेल्या आगीत जळाले. सँ-क्लूचा राजवाडा मात्र त्याआधीच, १३ ऑक्टोबर १८७० रोजी, जर्मनांच्या ताब्यात असताना माँ-व्हालेरियँच्या किल्ल्यावरून सुटलेल्या फ्रेंच गोळ्यांनी पेटला होता. एकाच प्रकारच्या प्रतींत, एकाच पुठ्ठ्यावर चिकटवून विकलेल्या या अवशेषांत पाडणारे तीन वेगळे हात आहेत, आणि ग्राहकाला ते सगळे एकाच गुन्हेगाराचे काम वाटावे अशी त्यांची मांडणी होती.

यूजेन आपेर याने कम्यूनच्या गुन्ह्यांवर काढलेली मालिका सूचीत घ्यावी की नाही, यावर विचार केला. त्याने नटांकडून प्रसंग उभे करवून त्यांवर खऱ्या माणसांचे चेहरे चिकटवले. सिकंदर बागेत हाडे आणि भिंती त्याच जागेच्या होत्या. आपेरच्या चित्रांत प्रसंगच घडवलेला आहे, त्यामुळे अंतर मोजण्यासाठी दुसरे टोकच उरत नाही. मालिका मुख्य तक्त्यातून वगळून परिशिष्टात घेतली.

१७ ऑक्टोबर २०२४

तुइलरीच्या जळक्या भिंती १८८३ पर्यंत उभ्या होत्या, म्हणून तिच्या तारीख नसलेल्या प्रतींना मे १८७१ ही तारीख आपोआप लावणे बंद केले आहे. नगरभवनाच्या जागी १८७४ पासून नवे बांधकाम चालू झाले. ज्या प्रतीत परांचीची लाकडे दिसतात तिथे ती बांधकामाची की आधाराची हे पाहून तारखेची मर्यादा ठरवायची. पुढच्या आठवड्यात याच कसोटीवर लखनौच्या तारीख नसलेल्या प्रती पुन्हा तपासायला घेणार आहे, कैसरबागेपासून.